पापडाची परीक्षा

बुरशी काढणाऱ्या माणसानं भिंतीला मीटर लावला आणि म्हणाला, "काकू, भिंत खडखडीत वाळलीय. बिनधास्त राहायला या."

मालनकाकूंना ते काही पटेना. कृष्णेचा पूर ओसरून चार महिने झाले होते. तेव्हापासून त्या आणि त्यांचे यजमान अण्णा भावाच्या घरी होते, आणि हल्ली भावजय भांडी जरा जोरातच आपटायला लागली होती. पण दम्याच्या अण्णांना ओलीत आणणं म्हणजे विकतचं दुखणं.

शेवटी त्यांनी सासूबाईंची रीत केली. चार पापड भाजले, चार खोल्यांत ताटलीत एकेक ठेवला आणि दारंखिडक्या लावून निघून गेल्या. पापड सादळला, तर घरात ओल आहे.

सकाळी दोघं बघायला आले. पहिला पापड कडकन मोडला. दुसराही, तिसराही. स्वयंपाकघरातली ताटली मात्र रिकामीच होती. कडेला थोडा चुरा आणि ओट्याखाली चार काळ्या लेंड्या.

"उंदीर!" अण्णा ओरडले. "पुरात एकूण एक गेले होते की गं. पिंजरा आणू का?"

चाळीस वर्षं उंदरांच्या नावानं बोटं मोडलेल्या काकू उकिडव्या बसून त्या लेंड्यांकडे कौतुकानं बघत होत्या.

"ओल असती तर तो तरी कशाला परत आला असता?" त्या म्हणाल्या. "पिंजरा उद्या बघू. आधी टेम्पो सांगून या."