स्वतःपुरता आवाज

"माझा मॉनिटर कुठे गेला?" स्टेजच्या पुढच्या काठाशी उभं राहून आईने विचारलं. पायाशी तिरका ठेवलेला तो काळा स्पीकर, ज्यातून गाणाऱ्याला आपलाच आवाज ऐकू येतो, आज जागेवर नव्हता. बँडचे सगळेच मॉनिटर पडद्यामागे भिंतीकडे तोंड करून ठेवले होते.

"आता कुणी नाही वापरत ते," कीबोर्डच्या वायरी जोडता जोडता मुलगा म्हणाला. "सगळे इन-इअर घालतात. हे कानात घाल, ही डबी कमरेला अडकव, झालं."

"म्हणजे कानात बोळे घालून गाऊ?"

"एकदा घालून तर बघ. आणि गाताना एकही काढायचा नाही हं, ताल चुकतो."

तिने घातले. मुलाने साउंडवाल्याकडे बघून मान हलवली. आईने एक ओळ गायली आणि तिचा चेहराच बदलला. कानात आवाज कसा गोल, भरदार येत होता. जिथे तो फाटत होता तिथे साउंडवाल्याने इको वाढवून ठिगळ लावलं होतं. ती मागे कोरसच्या जागी उभ्या असलेल्या सुनेकडे वळली आणि गरजेपेक्षा मोठ्याने म्हणाली, "ऐकलंस? गळा असा असतो. आणि तू जरा मागे सर, उजेडात येतेस."

ऐकलं होतं फक्त आईने एकटीने, स्वतःच्या कानात. सून मागे सरली.

बेत मुलाचा होता आणि अगदी साधा होता. पोस्टरवर आईचाच चेहरा लागायचा, कार्यक्रम तिच्याच नावावर मिळायचे. पण वरच्या पट्टीत तिचा आवाज आता फाटायचा आणि लोक खुशाल मोबाइल काढून बसायचे. तेव्हा तोंड आईचं आणि गळा बायकोचा. मॉनिटर असते तर सुनेचा आवाज थेट आईच्या पायाशी येऊन आदळला असता. इन-इअरमध्ये ज्याला जे ऐकवायचं तेवढंच त्याच्या कानात सोडता येतं. आई लोकांशी बोलली की तिचा माईक लोकांसाठी चालू, गायला लागली की बंद; तिच्या कानात मात्र तो चालूच. साप मरावा, काठीही मोडू नये. बायकोला त्याने सांगितलं होतं, "दोन-चार कार्यक्रम काढ असे. लोकांना तुझ्या आवाजाची सवय झाली की तुलाच पुढे उभी करतो." ती बिचारी तेवढ्यावर खूश होती. आईला काही सांगायची मात्र त्याची हिंमत झाली नाही. पोटच्या पोराला एवढी लाज असतेच.

दुपारी कार्यक्रम सुरू झाला. कुठल्याशा कंपनीची जेवून सुस्तावलेली माणसं समोर होती, आणि तिसऱ्या गाण्याला ती चक्क जागी झाली. आईला मात्र चैन पडेना. आवाज हवा तसा येत होता, पण माणसं काचेपलीकडे बसल्यासारखी वाटत होती. हात हलताना दिसायचे, टाळी ऐकू यायची नाही. आणि टाळीवाचून जगणारी ती बाई नव्हे. दुसऱ्या कडव्यात, जिथे सूर वर चढतो तिथे, पुढची रांग उठून उभी राहिली. तिच्यासाठी माणसं उभी राहिली त्याला किती काळ लोटला होता! तिला राहवलं नाही. तिने उजव्या कानातला बोळा ओढून काढला.

टाळ्या होत्याच. पण टाळ्यांच्या वर एक आवाज होता. तिच्याच ओळी गाणारा, स्वच्छ, कुठेही न अडखळता वर चढणारा. डाव्या कानात ती स्वतः गात होती. तिने मध्येच तोंड मिटलं. डावा कान गप्प झाला. उजव्या कानात गाणं चालूच राहिलं.

कीबोर्डवर मुलाची बोटं चुकली. मागे सुनेने डोळे गच्च मिटले, पण गाणं सोडलं नाही. आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माईक फेकून सरळ निघून जावं, असं वाटलं तिला. पण पुढची रांग अजून उभीच होती आणि तिच्याकडे बघत होती. तिच्याकडेच. तिने केस मागे सारल्याचं निमित्त करून बोळा परत कानात घातला आणि तोंड उघडलं.

कार्यक्रम संपला तेव्हा मुलगा मेकअपच्या खोलीच्या दारातच घुटमळला. साउंडवालाही एक वायर गुंडाळत तिथे येऊन थांबला. भांडण फुकट बघायला मिळत असेल तर कोणाला नको असतं?

"आई, त्रास होत असेल तर राहू दे," मुलगा खाली बघत म्हणाला. "पुढच्या वेळेपासून मॉनिटर लावतो परत."

आत कोपऱ्यात उभ्या असलेल्या सुनेने चटकन वर पाहिलं. मॉनिटर आले की लपवाछपवी संपली. मग दोघींपैकी जिला गाता येतं, तिलाच पुढे उभं करावं लागणार होतं.

आई आरशासमोर बसून ओठांचा रंग पुसत होती. "नको," ती म्हणाली. "हेच बरं आहे. स्वतःपुरता आवाज छान येतो यात."

मग तिने आरशातूनच सुनेला खुणेने जवळ बोलावलं. सून जवळ गेली. आता कानाखाली बसेल, नाहीतर पाठीवरून हात फिरेल. तिची दोन्हीची तयारी होती.

"दुसऱ्या कडव्यात तू मध्येच श्वास घेतलास."

"हो, आई. तिथे पुरत नाही मला."

"पुरवायचा. माझी छाती हलत नाही आणि श्वास ऐकू येतो. लोक काय आंधळे आहेत?" तिने मान न वळवता उजवा खांदा जरासा उचलून दाखवला. "मी हा असा उचलला की घ्यायचा. त्याआधी नाही."