हाताची अकरा वर्षं

रेवतीने वडिलांच्या, दिगंबरबुवांच्या, उजव्या कृत्रिम हातात नवी सिस्टीम टाकली आणि बोटं निपचित पडली. तिने वायर तपासली, नेटवर्क पुन्हा जोडलं, ड्रायव्हर बदलला. दुपारी कुठे बोटं हलू लागली. बुवांनी हौसेने पखवाज पुढे ओढला. हात सफाईने चालत होता, पण एकही बोल उमटेना.

"अकरा वर्षं शिकवलं होतं गं याला. जुनं परत येईल ना?"

"बाबा, जागा पुरत नव्हती, म्हणून मीच ते पुसलं. तुम्हाला विचारायला हवं होतं."

ते रागावले नाहीत, तेच तिला जास्त लागलं. थोड्या वेळाने चौऱ्याहत्तर वर्षांचे बुवा नवख्या शिष्याला सांगावं तसं त्या हाताला म्हणाले, "वाजव. ता."