गजराची चाल

प्रीतमने तिसरी वायर लावून बघितली. कंप्युटर घरघरला आणि पुन्हा गप्प झाला. हार्डडिस्कवरचा बारका दिवा काही लागला नाही.

“काकी, ह्या डब्याला आता रिटायर करा,” टेबलाखाली वाकत तो म्हणाला. “पुढून वायर लावली तर डिस्कला करंटच पुरत नाही त्याचा. मागून लावतो.”

“लाव बाबा, कुठूनही लाव,” सुलक्षणा म्हणाली. “पण रविवारच्या आत लागू दे.”

रविवारी भटवाडीच्या मंडळाचं भजन होतं, बुवांशिवायचं पहिलं. बुवा म्हणजे तिचे यजमान, नंदकुमार. आठ महिन्यांपूर्वी झटका आला, उजवी बाजू गेली, वाचा गेली. कळायचं सगळं, पण काही विचारलं तर मानसुद्धा हलवत नसत. आताही ते पलंगावर डोळे मिटून पडले होते. त्यांनी बांधलेला शेवटचा गजर मंडळात एकदाच गायला गेला होता. पहिली ओळ सगळ्यांना येत होती. पुढे अंतऱ्यात चाल कुठे वळते, ते प्रीतमलाही आठवत नव्हतं, आणि तो तर बुवांच्या हाताखाली तयार झालेला. रेकॉर्डिंग होतं ते ह्या एका डिस्कवर.

मागून लावूनही दिवा लागेना. प्रीतम पवईच्या एका ऑफिसात हीच कामं करायचा. त्याने डिस्क उचलली, वायर खुपसायची खाच मोबाईलच्या उजेडात धरली आणि बघतच राहिला.

“काकी, ह्यात हे लाल काय?”

ती जवळ आली. खाचेत लालपिवळा गाळ घट्ट बसला होता. कडेला तांदळाची एक कणी.

“दसऱ्याचं असेल,” ती म्हणाली.

दर दसऱ्याला ती पेटी, टाळ, पखवाज ओळीने मांडून पुजायची. गेली सात वर्षं पेटीशेजारी डिस्कही मांडायची. ह्यांचा आवाज तिच्यात, मग तिलाच कशी वगळायची? फुलाने पाणी शिंपडायची, ओल्या बोटाने हळदकुंकू लावायची. खाच मधोमध होती. तिला ते कपाळ वाटायचं.

“निघेल ना रे?”

“बघू.”

टाचणीने, मग स्पिरिटच्या बोळ्याने त्याने खाच साफ केली. फुंकर मारली, पंख्याखाली सुकवली. तासभर गेला. आता वायर लावली, तर दिवा लागला. सुलक्षणाने हात जोडले. तेवढ्यात डिस्कमधून टक, टक असा आवाज येऊ लागला आणि पडद्यावर एक चौकट उगवली.

“काय म्हणतोय?”

“फॉरमॅट करू का, विचारतोय.”

“मग हो म्हण की.”

“हो म्हटलं तर सगळं पुसून टाकेल तो, काकी.” प्रीतमने घाईने चौकट बंद केली, वायर काढली. “आता हिला हात नाही लावायचा. मालाडला एक जण आहे, डिस्क उघडून बघतो. पण खात्री नाही देत मी. आणि रविवारचं तर विसराच.”

ती खुर्चीत बसली. कुंकवाच्या बोटाचं टोक पदराला पुसलं.

“दोन महिने घातले होते ह्यांनी त्या गजरावर,” ती म्हणाली. “रोज सकाळी माझी पूजा चालायची तिथे, आणि इथे हे पेटी घेऊन. तेच तेच, तेच तेच. नैवेद्याचं दूध उतू जायचं माझं.”

“मग तुम्हाला येत असेल!”

“मला? मी कुठे गाते रे!”

“गा म्हणून कोणी सांगितलंय? मला नुसतं सांगा, कसं जातं ते.”

चाळीस वर्षांत ती ह्यांच्यासमोर गुणगुणलीही नव्हती. गाऊ नको असं कोणी म्हटलं नव्हतं. गा, असंही नाही.

तिने पदर सारखा केला आणि खालच्या मानेने सुरुवात केली. आवाज बारीक, कापरा. पहिली ओळ झाली. अंतरा चढला, आणि वळणावर येऊन ती हळूच खाली उतरली.

टण्ण!

दोघंही दचकले. बुवांचे डोळे उघडे होते. डाव्या हातातली अंगठी त्यांनी पलंगाच्या लोखंडी दांड्यावर आपटली होती.

तिने तिथूनच पुन्हा उचललं. पुन्हा टण्ण.

“चुकतंय बहुतेक,” प्रीतम कुजबुजला.

“ते कळतंय मला!” ती म्हणाली. तिसऱ्यांदाही दांडा वाजला, तशी ती गर्रकन वळली. “अहो, मग कसं? सांगा ना!”

आठ महिन्यांत ती अशी त्यांच्यावर डाफरली नव्हती. प्रीतमने मान खाली घातली.

बुवांचा डावा हात दांड्यावरून सुटला. हळूहळू वर गेला. खांद्याएवढा, मग डोक्याच्याही वर, आणि तिथे थांबला.

“एवढ्या वर?” तिने विचारलं.

हात खाली आला नाही. सुलक्षणाने श्वास घेतला आणि सूर तिथे न्यायला निघाली.