कोपऱ्यातला लाल पतंग

"आम्ही कार्टून कुठून लावतो, ते तुला कोणी सांगितलं?" अरुणाताईंनी पाळणाघराचं फाटक अर्धंच उघडलं होतं.

"कॅमेऱ्यात दिसतं ना. टीव्हीच्या कोपऱ्यात लाल पतंग असतो. त्या साइटची खूण आहे ती."

अरुणाताईंनी एकदा मागे वळून आत पाहिलं. मग हसल्या. "अच्छा. ऑफिसात काम करतेस, की दिवसभर आम्हालाच बघत बसतेस?"

श्रावस्तीने कडेवरच्या लेकाला सावरलं. सुमेधने तिच्या ओढणीचं टोक मुठीत धरलं होतं. आयाने येऊन त्याच्या अंगात पिवळा एप्रन चढवला आणि त्याची बोटं एकेक करून सोडवली. इथल्या सगळ्या मुलांना तसलेच एप्रन. आईबापांनी फाटकाच्या आत यायचं नाही, हा नियम. आई दिसली की मुलं जास्त रडतात, असं अरुणाताईंचं म्हणणं. हवं तर ऑफिसातून नेटवर बघा, अख्ख्या इंदिरापुरममध्ये कॅमेरा असलेलं दुसरं पाळणाघर दाखवा.

त्या कॅमेऱ्यापायीच श्रावस्तीने ही जागा निवडली होती. शिवाय अरुणाताई करोल बागेत वाढलेल्या मराठी. पोराच्या कानावर चार मराठी शब्द पडतील, हा लोभ.

"दुसरं काहीतरी लावत जा, ताई. ती साइट चोरीची आहे."

"चोरीची? आम्ही काय उतरवून ठेवतो का काही? साठवलेलं काहीच नसतं आमच्याकडे. सरळ नेटवरून लागतं, मुलं बघतात, चलो, संपलं." अरुणाताईंनी कडीला हात घातला. "आणि तुझं सरकार बंद करणार असेल तर बिल्कुल करू दे. मुलं भोकाड पसरतील. तुझा तर सगळ्यांच्या आधी. तेव्हा मला फोन करू नकोस."

फाटक लागलं. आतून सुमेधचा आवाज आला, मग दुसरं दार लागलं आणि तोही ऐकू येईनासा झाला.

मेट्रोत तिला बसायला जागा मिळाली, पण ती उभीच राहिली. सासूबाई नागपूरहून येऊ शकत नव्हत्या. नोकरी सोडायची तर घराचा हप्ता धम्मपालच्या एकट्याच्या पगारात भागणार नव्हता. राहता राहिला कॅमेरा. ऑफिसात पोचल्यावर फाइल उघडायच्या आधी ती पाळणाघराचं पान उघडायची. पडदे ओढलेली खोली, सकाळ-दुपार एकसारखा उजेड. मुलं पाठमोरी, भिंतीवरच्या टीव्हीकडे तोंड करून बसलेली. सुमेध तिला पाठीवरूनही ओळखू यायचा. एक पाय दुमडून, दुसरा पसरून बसायची त्याची तऱ्हा. ससा नाचायला लागला की तो टाळ्या पिटायचा. ते बघून तिच्या जिवात जीव यायचा.

संध्याकाळी घरी आणलं की मात्र त्याचा आवाज बसलेला असायचा. "इकडची धूळच तशी," धम्मपाल म्हणायचा. "तू उगाच घोर लावून घेतेस."

कुठली साइट देशात दिसू द्यायची नाही, याचे सरकारी आदेश तिच्याच टेबलावरून इंटरनेट कंपन्यांना जात. लाल पतंगाविरुद्ध एका सिनेमा कंपनीची तक्रार होती. नवे सिनेमे फुकट दाखवतात म्हणून. मागच्या आठवड्यात ती साहेबांशी, पद्माकर सरांशी, भांडलीही होती.

"सर, सिनेमे तेवढे काढायला लावू. अख्खी साइट कशाला? तिथं पुस्तकं आहेत, मुलांची कार्टूनं आहेत."

"तण किती नि पीक किती, ते निवडायला आपल्याला बसवलेलं नाही, मॅडम. अधिकार आहे. नांगर फिरवायचा."

धम्मपालने जेवताना टोमणा मारला होता. "मुनिरक्यात खोल्या घेऊन अभ्यास करणारी पोरं तुझ्या नावानं शिव्या घालतील. परीक्षेची निम्मी पुस्तकं तिथूनच उतरवतात ती."

आज ती भांडली नाही. अरुणाताईंचं ते हसू कानात होतं. तिने आदेश पाठवून दिला आणि पाठवताना तिला बरंही वाटलं. याची तिला थोडी लाज वाटली, पण थोडीच.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळ्या कंपन्यांचं उत्तर आलं. तिने स्वतः साइट उघडून पाहिली. पांढऱ्या पानावर एक ओळ होती, सरकारच्या आदेशावरून बंद. शेजारच्या टेबलावरच्या देवयानीने आपल्या मोबाइलवर पाहिली, बहिणीला गुडगावला फोन करून विचारलं. सगळीकडे तीच ओळ.

"आता तुझी पाळणाघरवाली काय लावणार गं?" देवयानी हसली.

श्रावस्तीला हसू आलं नाही. राग उतरला होता आणि खाली नुसती काळजी उरली होती. रडत असेल का तो? नको म्हटलं तरी तिने फोन लावला.

"झालं समाधान?" अरुणाताई कडाडल्या. "टीव्ही काळा पडलाय आमचा. एवढा अधिकार हातात आला म्हणून लेकरांच्या तोंडचं काढून घ्यायचं? ऐक, तुझाच रडतोय. ऐक नीट."

त्यांनी फोन बाजूला धरला असावा. सुमेधचं रडणं तिने लगेच ओळखलं. घोगरं, बसलेल्या आवाजातलं, बराच वेळ रडून दमलेल्या मुलाचं.

"ताई, त्याला उचलून घ्या ना. प्लीज."

"मला काय तेवढाच एक आहे?"

तिने फोन कानाला तसाच धरून दुसऱ्या हाताने पाळणाघराचं पान उघडलं. पान नेहमीसारखं सावकाश उघडत गेलं. आधी ओढलेले पडदे, मग पिवळे एप्रन. कानात सुमेध हुंदके देत होता.

कॉम्प्युटरच्या पडद्यावर तो एक पाय दुमडून बसला होता. समोर ससा नाचत होता, कोपऱ्यात लाल पतंग होता, आणि सुमेध टाळ्या पिटत होता.