एक ऑक्सिजन कमी

ही २०२३ च्या जानेवारीतली गोष्ट. संक्रांत होऊन गेली होती, रथसप्तमी यायची होती, आणि खांदेश्वरच्या एका फ्लॅटमध्ये क्षिप्राच्या पहिल्या हळदीकुंकवाची तयारी चालली होती. काळी साडी पलंगावर उलगडून ठेवलेली. हलव्याचे दागिने सासूबाईंनी, अरुणाबाईंनी, स्वतःच्या हातांनी ओवलेले. बायका संध्याकाळी यायच्या होत्या, म्हणून दुपारची जेवणं आटोपल्यावर क्षिप्रा केस धुवायला न्हाणीघरात गेली.

अरुणाबाईंचा सगळा जन्म शाळेत रसायनशास्त्र शिकवण्यात गेलेला. निवृत्तीनंतर शिकवणीला एकच मुलगी उरली होती, वरच्या मजल्यावरची जागृती. तिचं मूळ घर खाडीकाठच्या गावातलं, तिथली शेतं जाऊन बिल्डिंगी उभ्या राहिलेल्या. दहावीची परीक्षा तोंडावर आलेली आणि पोरीच्या डोक्यात इलेक्ट्रॉनचे ठिपके काही केल्या बसत नव्हते. कागदावर काढलेला ठिपका कोणाचा, हे ती दर वेळी विसरायची. शेवटी बाईंनी दागिन्यांतून उरलेला हलवाच ताटात ओतला. एक दाणा म्हणजे एक इलेक्ट्रॉन; पांढरे दाणे कार्बनचे, केशरी ऑक्सिजनचे.

“कार्बनकडे चार, ऑक्सिजनकडे सहा. आठ प्रत्येकालाच हवेत. मग काय करायचं? दोघांनी मधे ठेवायचे आणि दोघांनी आपले म्हणायचे.”

जागृतीने मधे कार्बन, दोन्हीकडे ऑक्सिजन, असं कार्बन डायऑक्साइड झकास मांडलं. बाई खूश झाल्या. पाणी प्यायला उठल्या आणि परत येतात तो उजवीकडचा ऑक्सिजन गायब.

“खाल्ला मी,” जागृती तोंड हलवत म्हणाली. “आता याचं काय व्हनार, बाई?”

बाईंना हसू आलं. पोर चेष्टेत का होईना, पुस्तकापुढचं विचारत होती. त्यांनी पदर खोचला, ताट पुढे ओढलं आणि दाणे पुन्हा लावले. मधे दोन पांढरे, चार केशरी, म्हणजे तीन जोड्या. त्यांतली एक जोडी सगळीच्या सगळी ऑक्सिजनने दिलेली. उरलेले दोन केशरी ऑक्सिजनच्या बाजूला आणि दोन पांढरे कार्बनच्या बाजूला, मोकळे.

ह्याला कार्बन मोनॉक्साइड म्हणतात, त्यांनी सांगितलं. गॅस जळताना हवा अपुरी पडली की हे तयार होतं. मग त्या दोन मोकळ्या दाण्यांवर बोट ठेवून म्हणाल्या, की सगळी गोम इथेच आहे. ही जोडी रक्तातल्या लोहाला जाऊन चिकटते आणि ऑक्सिजनला बसायला जागाच ठेवत नाही.

“वास कसा येतो त्याचा?”

“येत नाही. रंगही नाही.”

“मंग मानसाला कलतं कसं?”

“तेच तर. कळतच ना…”

अरुणाबाईंचं बोट ताटातच राहिलं. न्हाणीघरात पाणी पडत होतं. एकसारखं पडत होतं. मधे तांब्या वाजत नव्हता, बादली सरकत नव्हती, क्षिप्राचं गुणगुणणं तर कधीच थांबलं होतं.

त्यांच्या माहेरी बंब मागच्या अंगणात धुमसायचा, धूर आभाळात जायचा. इथे गीझर आतच, गॅसवरचा. वरची झडपांची खिडकी कबुतरांनी घाण केली म्हणून दिवाळीत निशांतने थर्माकोल ठोकून पक्की बंद केली होती. लेकाने स्टुलावर चढून चिकटपट्टी लावली, तेव्हा स्टूल अरुणाबाईंनीच धरलं होतं. वर म्हणाल्याही होत्या, आता कशी फट राहिली नाही.

“क्षिप्रा,” त्यांनी हाक मारली. मग दार वाजवलं. मग दोन्ही हातांनी.

त्या बाल्कनीत धावल्या आणि गीझरचा सिलिंडर बंद केला. जागृतीने मागे सरून न्हाणीघराच्या प्लॅस्टिकच्या दाराला लाथ घातली, पुन्हा घातली. खालची फळी आत गेली. तिने हात घालून कडी काढली, श्वास कोंडून आत शिरली आणि क्षिप्राला काखेत धरून ओढत हॉलमध्ये आणलं. अरुणाबाईंनी खिडक्या उघडल्या आणि काळी साडी सुनेच्या अंगावर टाकली.

क्षिप्राचे गाल गुलाबी होते. ओठ लालबुंद.

“काय नाय झालं, बाई,” जागृती धापा टाकत म्हणाली. “बगा ना, किती लाली हाय तोंडावर.”

अरुणाबाईंना त्या वायूने येणारी ती लाली ठाऊक होती. वर्षानुवर्षं फळ्यापुढे उभं राहून, पोरांना गंमत वाटावी म्हणून त्यांनी तिचं वर्णन केलं होतं. प्रत्यक्ष कधी पाहिली नव्हती. अँब्युलन्सला फोन शेवटी जागृतीनेच केला, पत्ताही तिनेच सांगितला. त्या सुनेचं डोकं मांडीवर घेऊन नुसत्या बसल्या होत्या. संध्याकाळी नटूनथटून आलेल्या बायका कुलूप बघून परत गेल्या.

क्षिप्रा वाचली. वर्षभर तिला साधे शब्द आठवायचे नाहीत, चमचा मागायचा तर हाताने खूण करायची. आता ती पुन्हा नोकरीवर जाते. तो दिवस मात्र तिला आठवत नाही, आणि घरातलं कोणी तो विषय काढत नाही. निशांतने विजेचा गीझर बसवला आणि खिडकी मोकळी केली. कबुतरं परत आली, ती त्याने राहू दिली. जागृती नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. तिच्यानंतर अरुणाबाईंनी कोणालाच शिकवलं नाही.

क्षिप्रा न्हायला गेली की त्या अजून हातातलं काम टाकतात आणि दाराबाहेर खुर्ची घेऊन बसतात. आत पाणी सुरू होतं, आणि थोड्या थोड्या वेळाने, कोणी न विचारताच, क्षिप्रा आतून सांगते, “आहे हो आई, आहे.”