केसभरही वाकडा नाही

रविवारी सकाळी बरोबर दहा वाजता रंधेवाल्याच्या कामाच्या खोलीच्या दारात एक तरुण येऊन उभा राहिला.

"येऊ का, काका?"

"या, या. चपला राहू द्या पायात, खाली लाकडाच्या साली पडल्यात."

एवढं बोलून रंधेवाल्यानं ओठ मिटून घेतले. मुलीनं फोनवर तशी ताकीदच दिली होती.

"बाबा, तो रविवारी दहाला येईल. एकटाच येईल, कारण मी समोर असले की तुम्ही आवाज चढवता. नाव, गाव, पगार, काही म्हणजे काही विचारायचं नाही. लग्नाचा विषय त्यानं काढला तरच. आणि हे आईलाही लागू."

"मग बोलू काय? हवापाण्यावर?"

"तुम्ही घडवता त्या रंध्यांवर बोला. तेवढं तर येतं तुम्हाला."

तिनं घरी आणलेल्या आधीच्या दोघांना त्यानं प्रश्न विचारून विचारून पिटाळलं होतं. एकाला तर घरात स्क्रूड्रायव्हर किती आहेत, हेही विचारलं होतं. या वेळी बिघडलं तर यापुढे कुणालाच घरी आणणार नाही, असं मुलीनं ठणकावलं होतं. ती बोलली की तसंच करते, हे बापाला ठाऊक होतं. हा गुण तिनं त्याच्याकडूनच घेतला होता.

"काका, मी जरा—"

"बसा. आधी हे बघा."

त्यानं टेबलावर बोटभर लांबीचा एक रंधा ठेवला. शिसवी लाकडाचा, तळहातात मावेल एवढा. पातं त्यानं मुद्दाम तिरकं बसवलं होतं. तोंडानं विचारायची बंदी होती. हातानं दिलेलं उत्तर बघायची नव्हती.

तरुणानं "वा" वगैरे काही म्हटलं नाही. रंधा उलटा केला, एक डोळा मिटला आणि तळावरून नजर टाकली. मग हलक्या हातानं मागून ठोकून पात्याची पाचर सैल केली, पातं काढलं, दगडावर दोन थेंब पाणी टाकलं आणि धार लावायला घेतली. पातं बसवून त्यानं फळीच्या कडेवर रंधा एकदाच चालवला. वळसा घेत एक लांबलचक साल बाहेर आली. त्यानं ती खिडकीसमोर धरली. तिच्यातून खिडकीचे गज दिसत होते.

रंधेवाल्याला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

"कुणी शिकवलं हे?" तो बोलून गेला.

आतल्या दाराचा पडदा जोरात हलला. पडद्यामागे बायको पहाऱ्यावर होती.

"नाही, नाही! सांगू नका."

"सांगतो की. त्यात काय? मी तिकडे—"

"नका सांगू म्हणतो ना!"

बायको चहा घेऊन आली, साखर चालेल ना एवढंच विचारलं आणि परत जाताना नवऱ्याकडे बघून डोळा मिचकावला. असं तिनं गेल्या कित्येक वर्षांत केलं नव्हतं.

"हात आणा इकडे."

रंधेवाल्यानं ओल्या मातीचा गोळा त्याच्या मुठीत दिला आणि घट्ट दाबायला लावला. मातीवर बोटं आणि तळवा उमटला. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या रंध्याची पाठ तो अशीच बेतायचा. एक रंधा त्यानं तयारच ठेवला होता. फक्त पाठ राहिली होती. कानस फिरू लागली आणि तोंडही सुटलं.

पुलापलीकडचा कारखानदार अकरा वेळा त्याचे रंधे विकत घेऊन गेला होता. मधोमध कापून, मोजून त्यानं तसेच यंत्रावर काढले. तरी त्याचे रंधे अडकायचे, रंधेवाल्याचे चालायचे. तो विचारायला माणसं धाडायचा आणि रंधेवाला "हातगुण" म्हणून त्यांची बोळवण करायचा. खरी गोष्ट घराबाहेर जाऊ द्यायची नाही, असं त्यानं ठरवलं होतं. आज ती लपवायचं कारण त्याला दिसेना.

"सगळे आधी तळ सपाट करतात, मग पाचर ठोकतात. तिथंच चुकतं. पाचर ठोकली की लाकूड फुगतं; तळ केसभर खाली येतो. म्हणून आधी पाचर ठोकायची, पातं थोडं आत ठेवायचं, आणि ठोकलेल्या पाचरीसकट रंधा तसाच ठेवून द्यायचा. लाकडाला काय फुगायचं ते फुगू द्यायचं. मग तळ घासायचा."

"किती दिवस ठेवायचा?"

"चाळीस. पस्तीस दिवसांनी काढला की फसला."

"चाळीस," तरुण पुटपुटला. मग म्हणाला, "काका, हे मला का सांगताय?"

"हात बघून."

पाठ झाली. रंधा तरुणाच्या मुठीत असा बसला, जणू तिथंच उगवला होता. तो पाकीट काढू लागला, तेव्हा रंधेवाल्यानं त्याचा हात धरला.

"तुमच्याकडून पैसे? शोभेल का मला?"

तरुण वाकून पाया पडला.

"मागायचा धीर होत नव्हता, काका. न मागताच दिलंत."

तो सायकलवर बसून कोपऱ्यावरून पुलाकडे वळेपर्यंत नवराबायको दारात उभे होते.

"अहो, भलतंसलतं काही विचारलं नाहीत ना?"

"एक अक्षर नाही. नावसुद्धा नाही!"

"देव पावला. लावा आता तिला फोन."

मुलीनं फोन उचलताच तो जवळजवळ ओरडला, "आमचा होकार! केसभरही वाकडा नाही मुलगा. रंधा दिला, सगळं शिकवलं, पाया पडून गेला आत्ताच."

"कोण गेला, बाबा? त्याची गाडी दोन तास खोळंबलीय. तेच सांगायला मी तुम्हाला फोन करणार होते."