साधाच कॅमेरा

"चोरासाठी हवाय," मुलगा म्हणाला. "साधाच. वायरीबियरी नकोत."

दुकानदाराने मान डोलावली. चोरासाठी म्हणून नेलेले निम्मे कॅमेरे घरातल्याच कुणावर तरी लागतात, हे त्याला पाठ होतं. मुलाच्या मागे स्टुलावर टेकलेल्या म्हाताऱ्याकडे त्याने एकदा पाहिलं. हनुवटीवर चिकटपट्टी, मांडीवर आडवी काठी. मग त्याने तीन खोकी काउंटरवर मांडली.

म्हातारा, म्हणजे मुलाचा बाप, खुशीत होता. एकतीस वर्षं कारखान्याच्या गेटवर पहारा केलेला माणूस. मुलाने आज पहिल्यांदाच त्याला खरेदीला सोबत आणलं होतं, तेही त्याच्याच धंद्यातल्या वस्तूच्या. घरी एकटं ठेवायची सोय नव्हती म्हणून आणलं होतं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"अंधारात दिसतं का याला?"

"दिसतं ना काका."

"लाइट गेली तर?"

"बॅटरीवर चालतो. फक्त नेट लागतं."

"आणि डुलकी?"

"हा नाही काढत."

"बरं झालं आमच्या वेळी नव्हता. पहिल्याच आठवड्यात मला हाकलला असता."

दुकानदार मनापासून हसला. त्याने मधलं खोकं पुढे सरकवलं. "हा घ्या. यातून बोलताही येतं. साहेब ऑफिसातून बोलतील ते तुम्हाला घरात ऐकू येईल."

"बोलणारा नको," बाप म्हणाला. "बोलणारा एक आहे घरात."

मुलगा हसला नाही. त्याने सगळ्यात लहान, पांढरा कॅमेरा उचलला. "हाच द्या."

"लावणार कुठे? दाराबाहेर असेल तर पावसापाण्याचा वेगळा येतो."

"आत. पॅसेजमध्ये."

"पॅसेजमध्ये कसला चोर रे?" बाप म्हणाला. "चोर दारातून येतो. बाहेर लाव. आत काय आहे मी सोडून?"

दुकानदार उगाच पावतीपुस्तक शोधायला लागला. मुलगा खोक्यावरची बारीक अक्षरं वाचत राहिला. एवढं वाचण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

बापाने हातातली काठी या मांडीवरून त्या मांडीवर घेतली. मग कामाचं बोलला. अपमान गिळून कामाचं बोलायची सवय अशा माणसांना नोकरीच लावते.

"कपाटावर ठेवू नकोस मग. तिथून बाथरूमचं दार अर्धंच दिसतं. चपलांच्या रॅकच्या वर ठोक. आत गेलेला माणूस बाहेर आला की नाही, एवढंच बघायचं असतं."

"अप्पा, तसं नाहीये..."

"तसंच आहे. आणि बरोबर आहे तुझं."

बरोबरच होतं. मंगळवारी मुलगा घरी आला तेव्हा बाप ओल्या कपड्यांत पलंगावर बसला होता, हनुवटी फुटलेली. जरा घसरलो, म्हणाला, आत्ताच. दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या बाईंनी सांगितलं की तुमच्या बाथरूमचा नळ दोनपासून सहापर्यंत वाहत होता. त्यावर मुलगा बापाला एवढा ओरडला की त्या बाईच मध्ये पडल्या.

दुकानदाराने मुलाचा फोन मागून घेतला आणि कॅमेरा जोडायला लागला. फोनच्या पडद्यावर दुकान दिसलं, दुकानात स्टूल, स्टुलावर बाप. बापाने पाय जरा लांब केला तर फोन टुंग वाजला.

"बघा, माणूस हलला की लगेच कळवतो," दुकानदार म्हणाला. "साहेब, ऑफिसच्या वेळेत आवाज बंद ठेवू का? बरेच जण ठेवतात. दिवसभर वाजून डोकं उठतं."

मुलाने तोंड उघडायच्या आत बाप म्हणाला, "ठेवा बंद."

"बंद काय, अप्पा! मग घेतोय कशाला?" मुलाचा आवाज चढला. पलीकडच्या काउंटरवरची माणसं वळून पाहू लागली, तसा त्याने तो खाली आणला. "त्या दिवशी फोन कुठे होता तुमचा?"

"हातातच होता."

"चारही तास?"

"पहिल्यांदा लांब उडाला होता. मग काठीने ओढून घेतला."

"मग लावला का नाही मला?"

बापाला प्रश्नच कळला नसावा, अशा नजरेने त्याने मुलाकडे पाहिलं.

"तू कामावर होतास ना. भोंगा होईपर्यंत घरचा निरोप आत सोडत नसतात. कुणाचा म्हणजे कुणाचाच नाही. मी एकदाही सोडला नाही." तो थोडा थांबला. "एका बाईला बसवून ठेवलं होतं गेटवर. तिचं पोर दवाखान्यात होतं, नवरा आत मशीनवर. सारखी उठून माझ्यापाशी यायची. मी म्हणायचो, बसा हो बाई, अडीच तास तर राहिलेत, एवढं काय."

दुकानदाराचं बोट पडद्यावर तसंच अडकून राहिलं. चालू की बंद, हे त्याला अजून कुणी सांगितलं नव्हतं.

"अप्पा," मुलगा म्हणाला.

"मंगळवारी बाथरूममध्ये तीच आली होती," बाप म्हणाला. "चार तास समोर बसून होती. एक शब्द बोलली नाही."